राखलेले रान आणि हवेतील कर्ब

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनासाठी तयार केलेले व्याख्यान)



दरवर्षी जुलै महिन्यात गावोगावच्या शाळांत वनमहोत्सव साजरा होतो. 1950 साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी ही प्रथा देशभर सुरू केली. प्रभातफेरी निघते, खड्डे खणले जातात, मुले मोठ्या हौसेने रोपे लावतात. ही प्रथा उत्तम आहे व ती चालू राहावी. परंतु ज्या शिक्षकाने दहा-पंधरा वनमहोत्सव पाहिले आहेत, त्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. जुलैत लावलेल्या रोपांपैकी पुढच्या जुलैपर्यंत तग धरणारी रोपे थोडीच असतात. आणि मधल्या उन्हाळ्यात गावामागच्या डोंगराला एखाद्या रात्री वणवा लागून जे जळते, त्याचा उल्लेख शाळेच्या अहवालात कोठेही नसतो.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या दुसऱ्या गोष्टीशी निगडित आहे. नवे झाड लावणे हे सत्कृत्य होय. पण उभे रान राखणे हे त्याच्याही आधीचे काम होय. पृथ्वीभोवतालच्या हवेचा विचार केला, तर हे विधान विशेषच खरे ठरते. ते का खरे आहे, हे शिक्षकाला नीट उमगले, तर तो ते चौथीच्या मुलालाही समजावून सांगू शकेल.

प्रथम हिशेब पाहावा. वनस्पती हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू पानांवाटे आत घेते, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यातील कर्ब वेगळा करून आपले अंग घडवते आणि प्राणवायू बाहेर सोडते. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन या कर्बाचे असते. म्हणजे एक क्विंटल वाळलेल्या लाकडात सुमारे 50 किलो कर्ब साठलेला असतो. हे लाकूड जळले की प्रत्येक 12 भाग कर्बाला हवेतील 32 भाग प्राणवायू येऊन मिळतो व 44 भाग कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. या प्रमाणाने 50 किलो कर्बापासून सुमारे 183 किलो वायू होतो. जळलेल्या लाकडापेक्षा त्यातून निघालेला वायू वजनाने जास्त भरतो, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. त्रैराशिक शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आता समजा, डोंगरावरील एका जुन्या झाडाचे वाळलेले वजन चार क्विंटल आहे. ते तुटून जळून गेले तर सात क्विंटलांहून अधिक वायू हवेत जाईल. त्याच्या मोबदल्यात शाळेने एक रोप लावले आणि वर्षाअखेर त्याचे वाळलेले वजन एक किलो झाले असे धरले, तर पहिल्या वर्षी एका झाडाची भरपाई करण्यास अशी चारशे रोपे जगवावी लागतील. कालांतराने रोपाचेही मोठे झाड होईल हे खरे. परंतु त्यास पुष्कळ वर्षे लागतील, आणि गेलेला वायू तोपर्यंत हवेत राहून आपले काम करीतच राहील. शिवाय रानाचा कर्ब केवळ खोडात नसतो. तो मुळांत असतो, पालापाचोळ्यात असतो, आणि शेतकरी ज्याला सेंद्रिय कर्ब म्हणतो त्या रूपाने मातीतही असतो. डोंगर उघडा पडून माती वाहून गेली की तोही साठा ढळतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रानातून सरपण आणले म्हणजे लगेच अनर्थ होतो, असा याचा अर्थ नव्हे. तोडलेल्या जागी रान पुन्हा वाढू दिले, तर हवेत गेलेला कर्ब हळूहळू परत येतो. वाढीपेक्षा तोड अधिक झाली, किंवा रानाची जागा कायमचीच उघडी पडली, म्हणजे मात्र परतीची वाट बंद होते.

हवेतील या वायूचे नियमित मोजमाप 1958 साली हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर सुरू झाले. त्या वेळी हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे 315 भाग होता; 2024 साली तो 420 भागांच्या वर गेलेला होता. हा वायू सूर्याची आलेली उष्णता परत जाताना अडवतो, म्हणून पृथ्वीचे तापमान वाढते. या वाढीचे मोठे कारण दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे ज्वलन हे आहे. तथापि मनुष्याच्या हातून हवेत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे एक दशांश भाग जमिनीच्या वापरातील बदलामुळे, मुख्यतः अरण्यतोडीमुळे, जातो. सबब अरण्यरक्षण हा या रोगावरील एकमेव उपाय नव्हे; पण त्यास वगळून उपचार पुरा होणार नाही.

अरण्य राखण्याचा एक राजमार्ग म्हणजे कायद्याने त्यास संरक्षण देणे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांस भक्कम आधार मिळाला. 1980 च्या वन संवर्धन अधिनियमाने वनजमीन दुसऱ्या कामाकडे वळवण्यापूर्वी केंद्र सरकारची मान्यता आवश्यक ठरवली. 1951 ते 1980 या तीस वर्षांत देशातील सुमारे 43 लक्ष हेक्टर वनजमीन शेती, धरणे, रस्ते, कारखाने इत्यादींकडे गेली होती. 1980 नंतर हा वेग पुष्कळ मंदावला. कायद्याच्या एका कलमाने किती कर्ब जागच्या जागी राहू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शिक्षकांना यासाठी दूर पाहण्याचे कारण नाही. कन्नडहून चाळीसगावकडे जाणारा रस्ता ज्या घाटातून खाली खानदेशात उतरतो, त्या औट्रम घाटाच्या आसपासच्या डोंगरांत गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते 1986 साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर असून मोठा भाग कन्नड तालुक्यात व उरलेला जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या बाजूस येतो. पितळखोऱ्याची प्राचीन लेणी व पाटणादेवीचे स्थान याच डोंगररांगेत आहे. सातमाळा-अजिंठ्याच्या या रांगेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. उत्तरेकडील पाणी तापीच्या खोऱ्यात जाते व दक्षिणेकडील गोदावरीच्या.

गौताळ्याचे रान पानझडी व कोरडे आहे. धावडा, सालई, अंजन, पळस, खैर ही त्यातील ओळखीची झाडे. फाल्गुन-चैत्रात ते निष्पर्ण होते, आणि परका मनुष्य त्यास ओसाड समजतो. परंतु पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत तेच डोंगर हिरवेगार होतात. या रानात बिबट्या, अस्वल, नीलगाय, भेकर, रानडुक्कर यांचा वास आहे. मार्च 2021 मध्ये येथील स्वयंचलित कॅमेऱ्यात पट्टेरी वाघाचे छायाचित्र मिळाले. हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला होता, आणि गौताळ्यात वाघ दिसण्याचा योग कित्येक दशकांनंतर आला होता. विदर्भापासून येथपर्यंत रानाचे तुकडे अगदीच तुटलेले नाहीत आणि शेवटी आसरा घेण्याजोगे एक रान उरले आहे, एवढे त्या मुक्या प्राण्याने सिद्ध केले.

कर्बाच्या दृष्टीने पाहता असे कोरडे रान हेक्टरी जेवढा साठा धरते, त्याच्या कितीतरी पट साठा सदाहरित वर्षारण्य धरते. महाराष्ट्रात तशी अरण्ये सह्याद्रीच्या माथ्यावर व पश्चिम उतारावर आहेत. महाबळेश्वर-कोयनेच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे अंजनी, जांभूळ, पिसा यांसारख्या वृक्षांची दाटी असते आणि पाने वर्षभर टिकून राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी हे राज्यातील सर्वांत जुने अभयारण्य. गव्यांच्या रक्षणासाठी ते 1958 साली स्थापन झाले. कोयना अभयारण्य 1985 साली झाले. चांदोली 2004 साली राष्ट्रीय उद्यान झाले, व 2010 साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प बनला. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटास जागतिक वारशाचा मान दिला, त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थाने आहेत. याच सह्याद्रीत दक्षिणेस दोडामार्गकडे खाजगी मालकीच्या रानांत तोड होऊन काही ठिकाणी रबराची लागवड उभी राहिली. लागवडही हिरवीच दिसते. परंतु शेकडो जातींच्या थरावर थर असलेल्या रानाची बरोबरी एकाच जातीच्या रांगा करू शकत नाहीत, मग ती मोजणी कर्बाची असो वा पशुपक्ष्यांची.

जगातील सर्वांत मोठे वर्षारण्य दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. त्यातील ब्राझील देशाच्या हद्दीत 2004 या वर्षी सुमारे 27,700 चौरस किलोमीटर अरण्य तोडले गेले. हे क्षेत्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या अडीच पटींहून अधिक होते. त्या सुमारास ब्राझीलने विस्तीर्ण प्रदेश संरक्षित घोषित केला, आदिवासींच्या जमिनींस मान्यता दिली, उपग्रहांवरून तोडीवर पाळत ठेवली आणि नियम मोडणारांवर कारवाई केली. 2012 पर्यंत वार्षिक तोड सुमारे 4,600 चौरस किलोमीटरवर आली. 2004 ते 2006 या काळातील घटीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तिच्यापैकी सुमारे 37 टक्के श्रेय नव्या संरक्षित क्षेत्रांस दिले. पुढे पाळत सैल झाली तेव्हा तोड पुन्हा वाढून 2021 साली 13 हजार चौरस किलोमीटरवर गेली. नकाशावरील रेषा ही कुंपणासारखी आहे. राखणदार उठून गेला की कुंपण जनावर अडवू शकत नाही.

संरक्षित क्षेत्र तोड कमी कसे करते, हे या उदाहरणावरून समजते. अरण्यात प्रथम रस्ता शिरतो, रस्त्याने कुऱ्हाड येते, कुऱ्हाडीमागून आग व नांगर येतात. ॲमेझॉनमधील बहुतेक तोड रस्त्यांच्या व जलमार्गांच्या जवळपासच झालेली आहे. रस्ताच शिरू दिला नाही, तर पुढची साखळी सुरू होत नाही. दुसरे असे की, सलग रानाचे तुकडे झाले म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या कडेस ऊन-वारा लागून झाडे वाळतात व आग लवकर धरते. सलग रान राखले तर ही कडेची हानी टळते.

परंतु विचारी शिक्षक येथे एक शंका उपस्थित करील. संरक्षित रानात तोड कमी दिसते ती संरक्षणामुळे, की ते रान मुळातच दुर्गम कड्याकपारींत असल्यामुळे? ही शंका रास्त आहे. जेथे नांगर चालत नाही व गाडी पोचत नाही, तेथे कायदा नसता तरी रान राहिलेच असते. म्हणून संशोधक सपाटीवरील रानाची तुलना कड्यावरील रानाशी करीत नाहीत. ते सारखा उतार, सारखी माती व रस्त्यापासून सारखे अंतर असलेल्या जागा शोधून राखलेल्या व न राखलेल्या रानाची तुलना करतात. कोस्टारिका या देशात या पद्धतीने अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की 1960 ते 1997 या काळात संरक्षण नसते, तर संरक्षित अरण्यापैकी सुमारे दहावा हिस्सा तोडला गेला असता. ढोबळ तुलनेने जेवढा लाभ वाटत होता, त्याहून हा लाभ कमी निघाला. पण तो खरा निघाला. सत्य थोडे असले तरी फुगवलेल्या बेरजेपेक्षा ते अधिक उपयोगी असते, ही शिकवण मुलांना विज्ञानाच्या प्रत्येक तासाला मिळावयास हवी.

दुसरी शंका याहून गहन आहे. एक रान राखले म्हणून गावाची चूल विझत नाही. अभयारण्यात बंदी झाली आणि सरपणाची दुसरी सोय झाली नाही, तर तीच कुऱ्हाड शेजारच्या रानात जाते; तोड कमी होत नाही, केवळ जागा बदलते. म्हणून अरण्यरक्षणाचा अर्धा भाग रानात असतो व अर्धा गावात. गोबरगॅस, सुधारित चूल, 2016 पासून उज्ज्वला योजनेतून पोचलेला स्वयंपाकाचा गॅस, बांधावरची सरपणाची झाडे व गायरानातील चारा ही सर्व अरण्यरक्षणाचीच साधने होत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतः ठरवून घेतली, त्यास श्रमदानाची जोड दिली, आणि उजाड डोंगर हिरवे झाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, व ग्रामसभा ते रान सांभाळू लागली. सह्याद्रीतील देवरायांचा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा दाखला आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या लहान लहान रानांत तोड झाली नाही, म्हणून ती टिकली. राखणारा सरकारी असो, ग्रामसभा असो वा परंपरा असो; राखण मनापासून व्हावी लागते, हे या सर्वांतील समान सूत्र होय.

या सर्व विवेचनाचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांत व तांड्यांत सरकारचा सर्वांत जवळचा व विश्वासाचा माणूस बहुधा शिक्षकच असतो. त्याने पुढील तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल.

पहिली गोष्ट मोजणीची. शाळेच्या आवारात वा जवळच्या माळावर चार-पाच जुनी झाडे निवडावी. जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर सुतळीने त्यांचा घेर घेऊन तो सेंटिमीटरमध्ये नोंदवहीत लिहावा, आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर पुन्हा मोजावे. खोड जाड झाले म्हणजे हवेतील कर्ब त्यात साठला, हे मूल आपल्या हाताने मोजील. पहिलीत नोंद सुरू केलेला मुलगा सातवीत जाईल, तेव्हा त्याच्यापाशी सात मापांचा कोष्टक असेल.

दुसरी गोष्ट तुलनेची. चराई बंद असलेला एक गुंठा व उघडा एक गुंठा निवडून दोन्हींतील रोपे, गवताच्या जाती व पाचोळा यांची मोजणी मुलांकडून करून घ्यावी. उतार व माती मात्र दोन्हीकडे सारखी असावी; नाहीतर कोस्टारिकाच्या अभ्यासात जी चूक टाळली, तीच शाळेत होईल.

तिसरी गोष्ट वणव्याची. जंगलात लागणाऱ्या बहुसंख्य आगींना मनुष्याचा हात कारण असतो. नवे गवत चांगले फुटावे, मोहाची फुले वेचणे सोपे जावे, अशा समजुतीने डोंगर पेटवला जातो. तर कधी विडीचे थोटूकही पुरेसे होते. आगीत मोठी झाडे पुष्कळदा वाचतात, परंतु त्यांच्या खाली उगवलेली पोरकी रोपे जळतात, आणि रानाची पुढची पिढी खुंटते. फेब्रुवारी महिन्यात, डोंगर वाळण्यापूर्वी, ग्रामसभेत हा विषय निघावा, तरुणांनी वन कर्मचाऱ्यांसह जाळरेषा काढावी आणि धूर दिसताच कोणाला कळवावयाचे हे ठरलेले असावे. यासाठी शिक्षकाने शब्द टाकला, तर तो गावात ऐकला जातो.

या कामात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वर्गातील एखाद्या मुलीची आई पहाटे उठून डोंगरावरून मोळी आणीत असेल. रानतोडीचा धडा शिकवताना त्या मुलीची मान खाली जाईल असे एकही वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघू नये. मोळी आणणारी माता अरण्याची शत्रू नव्हे. तिला दुसरी सोय मिळाली नाही, एवढाच तिचा दोष. ॲमेझॉनचे हजारो चौरस किलोमीटर तिच्यासारखीच्या विळ्याने तुटलेले नाहीत. उलट रानातील कोणते झाड कधी फुलते, कोणत्या ओहोळाला किती दिवस पाणी राहते, हे तिला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. तिला एखाद्या दिवशी शाळेत बोलवावे व मुलांना झाडांची नावे तिच्याकडून सांगवावी. ज्या मुलीची मान खाली जाण्याचा प्रसंग होता, तिचीच मान त्या दिवशी ताठ होईल. आणि रान राखणाऱ्यांत गावातील आणखी एक घर सामील होईल.

वनमहोत्सवात रोपे अवश्य लावावी, आणि जितकी जगवता येतील तितकीच लावावी. परंतु येत्या वर्षापासून शाळेच्या अहवालात 'किती रोपे लावली' या ओळीखाली आणखी दोन ओळी असाव्या: 'मागील वर्षीची किती जगली' आणि 'गावच्या डोंगराला या वर्षी वणवा लागला की नाही'. ज्या वर्षी या शेवटच्या ओळीपुढे 'नाही' असे लिहिता येईल, त्या वर्षी त्या शाळेने हवेतील कर्ब कमी करण्याच्या कामात आपला वाटा उचलला, असे निःशंकपणे समजावे.